सुपारीएवढा गिअरबॉक्स

मित्रांनो, देव्हाऱ्यात बसलेला दिसतो म्हणून मला देव समजू नका. मी एक जुना गिअरबॉक्स आहे. आकाराने सुपारीएवढा, अंगाने चांदीचा. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवायची हे माझ्या जातीचे काम. मी मात्र गाडीत बसलो तो वर्षातून एक दिवस. बाकीचे दिवस माझे देवांच्या ओळीत गेले.

माझ्या जन्माआधीची हकिगत मला लोकांच्या बोलण्यातून कळली. देवासमोर माणसे मोकळेपणाने बोलतात. देव मध्येच तोंड घालत नाही, एवढीच त्यांची खात्री असते.

विट्याहून मायणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. ज्वारी, मटकी आणि मेंढरे यांवर जगणारे कोरडवाहू गाव. या गावातले नाथाजी आणि भाऊसो एकाच दिवशी फौजेत भरती झाले. नाथाजी जीपचा ड्रायव्हर झाला आणि भाऊसो मिस्त्री. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने ती चालती ठेवायची. एकाहत्तरच्या लढाईत वाळूच्या मुलखात गाडीपुढे सुरुंग फुटला. भाऊसो तेव्हा खाली उतरून चाक बघत होता. त्याचे दोन्ही डोळे गेले.

दोघेही घरी आले. नाथाजीने विट्याच्या एसटी स्टँडमागे पत्र्याचे शेड घातले आणि गॅरेज काढले. भाऊसो शेतातल्या आपल्या घरच्या ओट्यावर बसला. सकाळी ऊन ओट्याच्या एका टोकाला असे, संध्याकाळी दुसऱ्या. भाऊसो मध्येच असे.

नाथाजी दर रविवारी त्याच्याकडे जाई आणि म्हणे, "गॅरेजला चल गड्या. हाताखाली सगळी पोरसवदा हायती. इंजिन बोलतंय काय, एकाला कळत न्हाई."

भाऊसोचे उत्तर ठरलेले असे. "डोळं एकटं गेलं न्हाईत, नाथा. जाताना बोटं बी घेऊन गेलं."

त्यावर त्याची बायको बनुबाई आतून म्हणे, "भाकरी बरी गावती बोटास्नी."

नाथाजी फौजेतून सुटला तेव्हा त्याच्या साहेबाने त्याला एक खोका दिला होता. साहेबाने तो परदेशातून आणलेला. त्यात वीतभर लांबीची फौजी जीप होती, पण सुटी. चाके वेगळी, बॉनेट वेगळे, काच वेगळी, सगळे भाग प्लास्टिकच्या काड्यांना फळांसारखे लागलेले. ते तोडायचे, कानसीने घासायचे आणि डिंकाने जोडायचे. दुष्काळाच्या साली गॅरेजला काम फारसे नव्हते. नाथाजीने ती जीप सावकाश जोडली, तिला हिरवा रंग दिला आणि एका रविवारी भाऊसोच्या मांडीवर नेऊन ठेवली.

भाऊसोने जीप हातात घेतली आणि पहिल्यांदा पालथी केली. मिस्त्री माणूस गाडीचे तोंड बघत नाही, पोट बघतो.

"कुणाची गाडी ही?" त्याने विचारले.

"आपलीच की रं. फौजेतली."

"आपली न्हवं. आपल्या गाडीला ड्रायव्हरच्या कडंला तीन दांड्या. एक लांब, दोन बुटक्या. हिला एकच हाय. अन् पोटात बघ, साबणाची वडी चिकटवल्यावानी कायतरी हाय. ही तुझी जीप वाळूत रुतून बसंल, नाथा."

मित्रांनो, त्याचे बरोबर होते. त्या जीपची लांब दांडी गिअर बदलायची. एका बुटक्या दांडीने पुढच्या चाकांनाही जोर मिळे, दुसरीने गाडी हळू पण नेटाने चढे. या दोन दांड्या नसल्या तर फौजेची जीप ती कसली. खोका करणाऱ्यांनी वरचा आकार हुबेहूब केला होता. पोटात कोण हात घालणार, असे त्यांना वाटले असावे.

नाथाजीला जरा राग आला. जीप घेऊन तो परत निघाला. पण वेशीपर्यंत येता येता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बोटे मेली म्हणणाऱ्या माणसाने एका दमात दोन चुका काढल्या होत्या.

तिथून त्या पोटात बसेल अशा गिअरबॉक्सचा शोध सुरू झाला. सांगलीच्या पेठेत खेळण्यांची दुकाने होती. तिथे किल्लीच्या मोटारी होत्या, पत्र्याच्या आगगाड्या होत्या. दुकानदार म्हणाला, "आवं पाव्हणं, खेळण्याच्या पोटात कोण बघतंय? वरनं रंग बघा की." साताऱ्यात एका दुकानात तसा खोका मिळाला. पण त्यातली मोटार शहरी होती, तिची दांडी स्टिअरिंगलाच चिकटलेली. एका घड्याळजीने पितळी दातांची बारीक चाके कागदात बांधून दिली. नाथाजी जे मिळेल ते आणून भाऊसोच्या तळहातावर ठेवी. भाऊसो अंगठा फिरवी आणि परत देई.

"हे ट्रकचं."

"हे घड्याळ हाय."

"ह्ये काय हाय ते ज्यानं केलं त्याला बी ठावं नसंल."

बनुबाई एकदा म्हणाली, "आवं, माझ्या नणंदंला नवरा बघताना एवढी गावं न्हाई फिरली कुणी. तीनच ठिकाणं बघितली, चौथ्याला दिली."

"अन् रोज भांडतीया," भाऊसो म्हणाला. "तिसरं बरं हुतं."

शेवटी नाथाजीने डाव टाकला. "तुला येवडं ठावं हाय तर तूच कर."

"कशात करू? पिठात?"

"मेणात कर. विट्याचा कृष्णात दसऱ्याला घरी येतोय, त्यो धातूत वतून दील. जीपच्या पोटात बराबर बसला तर गॅरेजला यायचं. न्हाई बसला तर मी परत इचारणार न्हाई."

भाऊसोने तोंड आतल्या दाराकडे वळवले. मग बनुबाईला म्हणाला, "माळ्यावर मधाच्या पोळ्याचं मेण हाय नव्हं?"

त्या मेणातून मी आकाराला आलो. भाऊसो मेण उन्हात मऊ करी, नाथाजीने परत आणून दिलेल्या जीपच्या पोटातल्या दोन खुंट्या चाचपी आणि बाभळीच्या काट्याने माझ्या अंगावर एकेक बारकावा उमटवी. बाजूला फुगलेली, बुटक्या दांड्यांची दुसरी पेटी, तिच्या झाकणाच्या कडा, बोल्टांची डोकी. मग तीन दांड्या, एक लांब, दोन बुटक्या. बनुबाई सांगे की त्या दिवसांत त्याला जेवायला दोनदा हाक मारावी लागे. काम झाल्यावर त्याने मला नाथाजीच्या हातात दिले आणि म्हणाला, "एकडाव जमलंय. पुन्हा सांगशील तर हुनार न्हाई. जपून ने."

कृष्णातची गलाई मदुराईकडे होती. सोने-चांदी वितळवून त्यातली भेसळ काढायची, असा त्याचा धंदा. विट्याकडची खूप माणसे अशी लांब लांबच्या शहरांत मुशीपुढे बसलेली असतात आणि सणाला घरी येतात. कृष्णातने मला उजेडात धरून पाहिले.

"काय म्हणायचं हे?"

"गिअरबॉक्स. पितळंत वतून दे."

"न्हाई बाबा. आमची मूस चांदीची. तिच्यात पितळ गेलं की ती बाटली. चांदीत करतो."

"चांदी कुठली आणू रं?"

"तुझ्या म्हातारीचं जुनं टाक आल्यात की माझ्याकडं. त्यातनं चिमूटभर उरंल."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उमटवलेले घरचे देव. नाथाजीच्या घरचे टाक पूजेत घासून घासून इतके गुळगुळीत झाले होते की बिरोबा कुठला आणि जोतिबा कुठला हे फक्त नाथाजीच्या आईला, धोंडुबाईला कळे. म्हणून तिने ते नवे करायला दिले होते. नवे पाच टाक पेठेतल्या सोनाराने ठोकले. उरलेल्या चांदीत कृष्णातने मला ओतले. त्याने मेणाभोवती बारीक माती लिंपली आणि ती भाजली. मेण वितळून वाहून गेले आणि त्या पोकळीत चांदी आली. भाऊसोने केलेले मेण आता जगात कुठेच नव्हते. होतो तो मी. तिसऱ्या दांडीच्या टोकापर्यंत चांदी पोचली नाही, ती केसभर बुटकी राहिली. बाकी मी नीट झालो.

आता पुढची चूक कोणाची म्हणावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. उद्या घट बसायचे म्हणून कृष्णात घाईने आमच्या गावी आला. नाथाजी गॅरेजला होता. कृष्णातने पाच टाक आणि मी असे सगळे एकाच तांबड्या फडक्यात बांधून धोंडुबाईच्या हाती दिले. "नाथाजीला सांगा, त्यानं सांगितलेलं बी त्यातच हाय," असे म्हणून तो सायकलवर बसून गेला.

धोंडुबाईने फडके सोडले. पाच देव ओळखले. सहावा मी. तिने मला डोळ्यांजवळ धरले. तिच्या नजरेला आता कडा दिसत नसत, नुसते आकार दिसत. आडवे अंग, पुढे वर आलेले एक टोक, मध्ये एक, मागे एक. तिला घोड्याची मान दिसली, वर बसलेला माणूस दिसला आणि त्याच्या हातातला भाला दिसला.

आमच्याकडे घरातला कोणी लढाईत किंवा अवेळी गेला तर त्याचा घोड्यावर बसलेला टाक करतात. त्याला वीर म्हणतात. धोंडुबाईचा धाकटा दीर तात्याबा इंग्रजांच्या फौजेतून इटलीला गेला आणि परत आला नाही. ती लग्न करून आली तेव्हा तो लहान होता, तिच्या हातचे खाऊन मोठा झाला. त्याचा वीर करायचा म्हणून ती मालकांना सांगत राहिली, पुढे नाथाजीला सांगत राहिली. कधी पाऊस नव्हता, कधी लग्न होते, आणि ते राहूनच गेले.

तिने मला पदराने पुसले. "केलास व्हय रं बाबा न सांगता," असे ती नाथाजीला म्हणाली, जरी तो तिथे नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विड्याची पाने मांडली. पाच पानांवर पाच देव आणि सहाव्या पानावर मी. हळद लावली, कुंकू लावले आणि तात्याबाचे नाव घेतले.

नाथाजी आदली रात्र गॅरेजलाच राहिला होता. संध्याकाळी तो घरी आला, हात धुतले आणि देवापुढे टेकला. टेकलेले डोके वर आले ते माझ्या समोर.

"आये," तो म्हणाला, "हे हितं कसं?"

"देव बसल्यात. आता नवमीपत्तोर हात न्हाई लावायचा," धोंडुबाई म्हणाली. "लय चांगलं केलंस, नाथा. तात्याबा घरी आला."

नाथाजीने हात मागे घेतला. नवरात्रात बसवलेला देव जागचा हलवत नाहीत, हे काय तिने सांगायला हवे होते? आणि हलवता आला असता तरी काय सांगून हलवायचा?

रविवारी भाऊसोने विचारले, "आला का?"

"कृष्णात अजून बसलाय घासत," नाथाजी म्हणाला.

"चांदीला येवडा येळ? का फसला?"

"फसला न्हाई."

"फसला आसंल तर सांग. मी काय रडणार न्हाई. मेण व्हतं, गेलं. मी पुन्हा करणार न्हाई आन् तू पुन्हा इचारणार न्हाईस, एवढंच."

हे नाथाजीने घरी येऊन आपल्या बायकोला, चंद्राबाईला सांगितले. तेही देव्हाऱ्यापुढेच, म्हणून मला कळले. माझ्यामुळे एक माणूस ओट्यावरून उठणार होता किंवा कायमचा बसणार होता, आणि मी पानावर हळद लावून घेत होतो. मला पाय नाहीत. गिअरबॉक्सला स्वतःला कुठे जाता येत नाही, तो दुसऱ्याला पाठवतो.

पाचव्या माळेला बनुबाई घटाला फुले घेऊन आली. वाकली आणि वाकलेलीच राहिली. माझा आकार तिने ओट्यावर रोज पाहिला होता. तिने मलाही हळद लावली. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "आवं, तुमचं मेण देव झालंया."

"काय?"

"काकींच्या देव्हाऱ्यात बसलंय पानावर. तात्याबाचा वीर म्हणून हळद लावत्यात त्येला. मी बी लावून आले."

मग भाऊसो हसला. बनुबाई पुढे सगळ्यांना सांगे, की फौजेतून आल्यापासून ते पहिले हसणे. हसता हसता त्याला ठसका लागला आणि तिने पाणी दिले. पाणी पिऊन तो म्हणाला, "नवमीला अंघोळीला पाणी लवकर ठेव. माझा बी देव बघून येतो."

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारे, अवजारे देवापुढे मांडून पुजतात. कोणाची कुऱ्हाड, कोणाची पाभर. नाथाजीने नट आवळायचे पाने मांडले, जॅक मांडला, आणि शेवटी ती हिरवी जीप. तेवढ्यात दारात काठी वाजली. भाऊसो ओल्या केसांनी, धुतल्या धोतरात उभा होता. बनुबाईचा हात त्याने वेशीतच सोडला होता म्हणे.

"काकी," तो म्हणाला, "तुमच्या वीराला हात लावू का? अंघोळ करून आलोय."

"लाव की बाबा. तू बी लढाईतलाच."

त्याने मला उचलले. अंगावर हळदीचा थर बसला होता, तो त्याने नखाने हळूच खरवडला. झाकणाची कड सापडली. बोल्ट सापडले. मग तीन दांड्या.

"तिसरी केसभर बुटकी आलीया," तो म्हणाला. "बाकी हायच."

धोंडुबाईने मुलाच्या तोंडाकडे पाहिले. "काय हाय रं नाथा?"

भाऊसोच बोलला. "काकी, ह्यो वीर न्हाई. गाडीचा भाग हाय. मीच केला, मेणात. ह्यो पोटात नसला तर गाडी जागची हलत न्हाई. कृष्णातनं एका फडक्यात बांधून दिला आन् घोटाळा झाला."

धोंडुबाईने हात पुढे केला. भाऊसोने मला तिच्या हातावर ठेवले. तिने मला पुन्हा डोळ्यांजवळ धरले, पुन्हा लांब धरले.

"चांदी कुठली?" तिने विचारले.

"जुन्या टाकांचीच उरलेली," नाथाजी म्हणाला.

"मग चांदी देवाची. हळद मी लावली. नाव मी घेतलं, नऊ दिस न चुकता. आता त्यो तात्याबा हाय. मी त्याला पुन्हा घराबाहेर धाडणार न्हाई."

नाथाजीने मान हलवली. भाऊसोने काठी चाचपली. तो उठणार, इतक्यात धोंडुबाईने विचारले, "गाडी कसली म्हणालास?"

"जीप. फौजेची."

"तात्याबा बी मोटारच हाकायचा तिकडं. घोड्यावर कवा बसला व्हता त्यो? मेंढरामागं पळायचा नुसता." तिने माझ्यावरून अंगठा फिरवला. "मी आपली घोडं बघत बसले. आण ती गाडी हिकडं. नवमीला बसू दे त्याला गाडीत. दशमीला मातूर घरी."

तिने मला भाऊसोच्या हातात दिले. त्याने जीप पालथी केली, साबणाची वडी तिच्या एकुलत्या दांडीसकट नखाने उचकटून काढली, दोन खुंट्या चाचपल्या आणि मला आत दाबले. टक् असा बारीक आवाज झाला. माझ्या तीन दांड्या वर ड्रायव्हरच्या बाजूला आल्या, एक लांब, दोन बुटक्या. त्याने जीप सरळ केली, जमिनीवर ठेवली आणि बोटाने थोडी पुढे ढकलली. मग हळदीचा हात धोतराला पुसला.

"नाथा," तो म्हणाला, "दसरा झाल्यावर गॅरेज कवा उघडतोस?"

मित्रांनो, त्यानंतर भाऊसो बरीच वर्षे सकाळच्या एसटीने विट्याला गेला. तो बॉनेटवर तळहात ठेवी, गाडी चालू करायला सांगे आणि आत काय बिघडले ते बोले. नाथाजीला कधी कधी ते पटत नसे. मग भांडण होई, आणि ते भांडण देव्हाऱ्यापुढेही पोचे. दर खंडेनवमीला मी जीपमध्ये बसे आणि दशमीला धोंडुबाई मला पानावर उतरवून घेई. ती गेल्यावर चंद्राबाईने तो रिवाज चालवला. मग भाऊसो गेला, नाथाजी गेला, चंद्राबाईही गेली.

आता घरात नवी सून आहे. ती भाविक आहे, कामाला चोख आहे. दर पुनवेला मला पावडर लावून ब्रशने घासते. माझ्या झाकणाची कड आता लागत नाही. बोल्ट केव्हाच गेले. दांड्या झिजून एकाच उंचीच्या झाल्या आहेत. परवा तिच्या मुलीने विचारले, "हा कोण गं?" ती म्हणाली, "घरचा वीर आसंल कुणीतरी, घोड्यावरचा." धोंडुबाईच्या डोळ्यांना जो दिसला होता, तो मी आता खरोखरच होत चाललो आहे. याचे मला वाईट वाटते असे नाही. पण तात्याबाचे नावही आता कोणी घेत नाही, हे मात्र कानाला जाणवते.

म्हणून एवढेच सांगतो. तुमच्या घरातली जुनी वस्तू अवश्य घासा, पुसा, लखलखीत करा. पण घासण्याआधी एकदा डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवा. ही कोणी केली, कशासाठी केली, हे सांगणारे माणूस घरात असेल तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा. पावडर संध्याकाळी लावली तरी चालते.

ती जीप अजून माळ्यावर आहे. रंग उडाला आहे, काच तडकली आहे. कधी उतरवलीत तर तिचे तोंड बघू नका. आधी पालथी करा. पोटात दोन खुंट्या सापडतील, आणि त्यांच्यामध्ये सुपारीएवढी रिकामी जागा.